काय राखावे, काय रानाला द्यावे

झाड तोडणे हे पाप आहे का, असा प्रश्न आमच्या नऊ वर्षांच्या नातवाने भर माळावर विचारला, तेव्हा आम्हां दोघांनाही चटकन उत्तर सुचले नाही. समोर सात-आठ वयस्क स्त्री-पुरुष हातमोजे चढवून बर्चची कोवळी रोपे मुळासकट उपटत होते आणि जरा मोठी झालेली झाडे करवतीने बुंध्याशी कापून त्यांचा ढीग रचत होते. ते लाकूडचोर नव्हते. ज्या संस्थेच्या ताब्यात ती जमीन आहे तिचेच ते स्वयंसेवक होते, आणि ती संस्था निसर्ग जपण्यासाठी ओळखली जाते. ‘झाडे लावा’ हा धडा शाळेत गिरवलेल्या मुलाला हा प्रकार उमगला नाही, यात त्याचा दोष नव्हता.

गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही लेकीकडे इंग्लंडला गेलो होतो. तिने एका शनिवारी आम्हांला सरे परगण्यातील हाइंडहेड येथे नेले. लंडनहून पोर्ट्‌स्मथ बंदराकडे जाणाऱ्या जुन्या मार्गावरचे हे ठिकाण. येथे टेकड्यांच्या कुशीत एक प्रचंड खोलगट दरी आहे. लोक तिला ‘डेव्हिल्स पंच बोल’ म्हणजे सैतानाचा पेला म्हणतात. सैतानाने येथली माती ओंजळीने उपसून फेकली, अशी एक आख्यायिका सांगतात. खरे कारण साधे आहे आणि आम्हांला ते आख्यायिकेपेक्षा अधिक आवडले. वरचा थर वाळूच्या दगडाचा, खालचा चिकणमातीचा. पावसाचे पाणी वाळूतून झिरपत खाली उतरते, चिकणमातीशी अडते आणि झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. ते झरे वरच्या दगडाचा पाया हजारो वर्षे पोखरत राहिले आणि दरीची कड मागे मागे सरकत गेली. एवढी मोठी दरी केवळ झिरपण्याने झाली!

दरीच्या कडेने निघून, टेकडीचा माथा गाठून, पलीकडच्या रानातून खाली उतरून पुन्हा निघाल्या जागी आणून सोडणारी एक पायवाट तेथे आखलेली आहे. फार लांब नाही. आमच्यासारख्यांना थांबत थांबत तीन तास लागले. अशा वर्तुळाकार वाटेची आम्हांला सवय नव्हती. आपण चालतो ते कोठेतरी पोहोचण्यासाठी : बाजाराला, चर्चला, फार तर एखाद्या यात्रेला. जिचा शेवट म्हणजे सुरुवातीचाच वाहनतळ, अशी वाट चालण्यात काय हशील, असे आमच्यापैकी एकाने बोलूनही दाखवले. लेक हसली आणि पुढे चालू लागली.

पहिला टप्पा माळाचा. इंग्रजीत ज्याला ‘हीथ’ म्हणतात त्याला आपल्याकडे नेमका शब्द नाही, कारण तसली जमीनच आपल्याकडे नाही. माळरान म्हणावे तर ते गवताचे नव्हे. गुडघ्याएवढी, काटक, बारीक पानांची हेदरची झुडपे कोसभर पसरलेली असतात. ऑगस्टमध्ये ती जांभळ्या फुलांनी भरून जातात. आम्ही गेलो तेव्हा बहर ओसरला होता आणि जांभळ्या रंगावर गंजाची छटा चढली होती. मधूनच गॉर्सची काटेरी, पिवळ्या फुलांची जाळी, ब्रॅकन जातीच्या नेच्याचे तांबूस पट्टे आणि एखादे एकाकी पाइनचे झाड. आकाश मात्र मोकळे, आणि दृष्टी कोठेही न अडता दूरवर जाते. आमची समजूत अशी की हे मूळचे, माणसाचा हात न लागलेले रान असावे.

ती समजूत त्या स्वयंसेवकांतील एका आजीबाईंनी मोडली. नातवाचा प्रश्न लेकीने इंग्रजीत सांगताच त्या करवत खाली ठेवून त्याच्याजवळ आल्या. त्या म्हणाल्या, ‘‘हा माळ निसर्गाने केलेला नाही बाळ, माणसांनी केला आहे.’’ मग त्यांनी जे सांगितले त्याचा मथितार्थ असा : हजारो वर्षांपूर्वी येथे रानच होते. नवाश्मयुगातील आणि कांस्ययुगातील माणसांनी ते तोडले. जमीन वाळूची, निकस. पावसाने तिच्यातील होता नव्हता तो कस धुऊन नेला आणि त्या दरिद्री जमिनीत हेदरने मूळ धरले. पुढे शतकानुशतके गावकऱ्यांनी येथे गुरे चारली, सरपणासाठी जमिनीचे थर कापून नेले, भट्टीसाठी गॉर्स तोडला, गोठ्यात अंथरायला नेचा कापला. या दरीत तर केरसुण्या बांधणाऱ्यांची वस्तीच होती. बर्चच्या आणि हेदरच्या काटक्यांच्या केरसुण्या विकून ही माणसे जगत. (सॅबिन बेअरिंग-गूल्ड या धर्मोपदेशक लेखकाने १८९६ मध्ये त्यांच्यावर एक कादंबरीच लिहिली.) या गरिबांच्या रोजच्या कापण्या-चारण्याने माळ मोकळा राहिला. ती माणसे गेली, तो धंदा बुडाला, आणि बर्च व पाइन चारही बाजूंनी चालून आले. एका पिढीत माळाचे दाट रान होते. मग रातवा पक्षी, जो उघड्या जमिनीवर अंडी घालतो, त्याला जागा राहत नाही. उन्हात अंग शेकणाऱ्या सरड्यांना, सापांना राहत नाही. इ. स. १८०० पासून ब्रिटनमधील सखल प्रदेशातले असे माळ चार-पंचमांशांहून अधिक नाहीसे झाले आहेत. काही नांगराखाली गेले, काही इमारतींखाली. पण कित्येक केवळ कोणी काही न केल्यामुळे गेले.

केवळ कोणी काही न केल्यामुळे! हे वाक्य आमच्या मनात रुतून बसले.

आपण सारे असे मानून चालतो की काही न करणे म्हणजे निर्दोष राहणे. हात लावला नाही, म्हणजे हात मळले नाहीत. परंतु मिस्साच्या आरंभी पापांगीकार म्हणताना आपण विचाराने, शब्दाने आणि कृतीने केलेल्या पापांबरोबरच जे करायचे राहून गेले त्याचाही उच्चार करतो. शब्द तोंडपाठ असल्यामुळे तो भाग भरकन निघून जातो, एवढेच. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर माणसाला एदेन बागेत ठेवतो तो नुसता फळे खाण्यासाठी नव्हे. मशागत करण्यासाठी आणि राखण करण्यासाठी ठेवतो. आणि ही आज्ञा पाप जगात येण्यापूर्वीची आहे. बागेलाही राखण लागत होती, तेथे माळाची काय कथा? आमच्या वसईतील बावखले आठवावीत. दरवर्षी गाळ उपसला नाही तर ती बुजतात आणि मग तेथे बावखल होते हेही कोणाला सांगून पटत नाही.

नातवाला आम्ही एवढेच सांगितले की झाड तोडणे पाप की पुण्य हे कोणते झाड, कोठले आणि कशासाठी, यावर ठरते. त्याचे समाधान झाले नाही. पण आजीबाईंनी त्याला एक रोप उपटू दिले आणि प्रश्न तात्पुरता मिटला.

ही जमीन गावकऱ्यांना कशी मिळाली, हेही सांगण्याजोगे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी येथले माळ व्हिटेकर राइट नावाच्या एका धनाढ्याच्या मालकीचे होते. अफरातफरीबद्दल १९०४ साली त्याला शिक्षा झाली आणि त्याच दिवशी न्यायालयाच्या इमारतीतच त्याने विष घेऊन जीव दिला. त्याची मालमत्ता विक्रीस निघाली. तेव्हा आसपासच्या रहिवाशांनी पैसे जमवून हे माळ विकत घेतले आणि १९०६ मध्ये नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे सोपवले. या कामात पुढे होते सर रॉबर्ट हंटर. ते जवळच्याच हेझलमिअर गावचे, व्यवसायाने वकील आणि १८९५ मध्ये ती संस्था स्थापन करणाऱ्या तिघांपैकी एक. पुढच्याच वर्षी झालेल्या कायद्याने या संस्थेला असा अधिकार मिळाला की तिने एकदा अविक्रेय ठरवलेली जमीन कोणी विकू शकत नाही. एका लोभी माणसाच्या शेवटातून सर्वांची मोकळी जागा निघाली. असो.

माळावरून वाट एका जुन्या घोडागाडीच्या रस्त्याला लागते, आणि त्या रस्त्याच्या कडेला एक उभा दगड आहे. त्याला ‘खलाशाचा दगड’ म्हणतात. आम्ही ज्या गोष्टीसाठी हे लिहावयास बसलो ती येथून सुरू होते.

२४ सप्टेंबर १७८६. एक खलाशी लंडनहून पोर्ट्‌स्मथला आपल्या जहाजाकडे पायी निघाला होता. वाटेत थर्सली गावच्या खाणावळीत त्याला तिघे जण भेटले. तेही खलाशीच, पण खिसे रिकामे. त्याने त्यांना स्वतःच्या पैशाने खाऊपिऊ घातले आणि पुढच्या प्रवासातही मदत करण्याचे वचन दिले. चौघे मिळून निघाले. या टेकडीवर, दरीच्या कडेला, त्या तिघांनी त्याला ठार मारले आणि त्याच्या अंगावरचे कपडेदेखील काढून घेतले. काही मैलांवर रेक नावाच्या गावी तेच कपडे विकण्याच्या खटपटीत असताना ते त्याच दिवशी पकडले गेले. किंग्स्टन येथे खटला चालला. ७ एप्रिल १७८७ रोजी त्यांना याच टेकडीच्या माथ्यावर फाशी दिली गेली आणि त्यांची प्रेते साखळदंडांत टांगून ठेवण्यात आली. तेव्हाचा कायदाच तसा होता : खुन्याच्या देहाला मूठमाती द्यायची नाही. १८३४ पर्यंत इंग्लंडात ही प्रथा कायद्याने चालू होती.

दयाळू शोमरोनीच्या दाखल्यात वाटसरू लुटला जातो आणि दुसरा वाटसरू त्याला उतारशाळेत नेऊन त्याचा खर्च सोसतो. येथे क्रम उलटला आहे. ज्याने खाणावळीत दुसऱ्यांचा खर्च सोसला तोच त्यांच्या हातून रस्त्यात पडला. त्याने अनोळखी माणसांवर विश्वास ठेवायला नको होता काय? प्रवासात अनोळखी माणसाकडून काही घेऊ नये, कोणाला पैसे दाखवू नयेत, असे आम्ही आमच्या मुलांना नेहमी बजावत आलो. त्या दगडापुढे उभे राहून मात्र, त्या खलाशाने चूक केली असे म्हणवेना.

आता या एका हत्येची आठवण तीन दगडांनी तीन तऱ्हांनी राखली आहे, ते पाहावे.

पहिला हा रस्त्याकडेचा दगड. जेम्स स्टिलवेल नावाच्या एका स्थानिक गृहस्थाने १७८६ मध्येच तो उभारला. त्यावरचा मजकूर तिरस्काराचा आहे : त्या क्रूर कृत्याच्या तिटकाऱ्याने हा दगड उभा केला, असे तो सांगतो. खुन्यांची तिन्ही नावे कोरली आहेत. मेलेला मात्र ‘अनोळखी खलाशी’. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायातील, रक्त सांडणाऱ्याचे रक्त माणसाकडून सांडले जाईल हे वचनही आहे. आणि पाठीमागच्या बाजूला शाप आहे : जो या दगडाला इजा करील अथवा तो हलवील तो शापित असो.

दुसरा दगड या वाटेवर नाही. तो थर्सलीच्या चर्चच्या आवारात, त्या खलाशाच्या कबरेवर आहे. आम्ही तो दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन पाहिला. त्यावर तिघे जण एकावर तुटून पडलेले कोरले आहेत. पण खाली जो लेख आहे त्यात त्या खलाशाला प्रथम ‘उदार’ म्हटले आहे, मग ‘दुर्दैवी’. त्याने त्यांना काय दिले होते आणि आणखी काय देऊ केले होते, याची नोंद आहे. ज्याचे नाव ठाऊक नाही, ज्याचे गणगोत येऊन विचारणार नाही, अशा माणसासाठी गावकऱ्यांनी हा दगड घडवला. अलीकडे संशोधकांनी त्याचे एक संभाव्य नाव सुचवले आहे. परंतु दोन शतके तो बिननावाचाच राखला गेला.

तिसरा दगड माथ्यावर. टेकडीचे नावच ‘गिबेट हिल’, फाशीच्या खांबाची टेकडी. उंची २७२ मीटर, सरे परगण्यातील दुसऱ्या क्रमांकाची. प्रेते टांगलेली असताना आणि नंतरही कितीतरी वर्षे लोक या टेकडीला भीत. संध्याकाळनंतर तिकडे कोणी फिरकत नसे. १८५१ मध्ये सर विल्यम अर्ल यांनी तेथे ग्रॅनाइटचा एक केल्टिक घडणीचा क्रूस उभा केला. अर्ल हे न्यायाधीश होते. फाशीची शिक्षा सुनावण्याचा अधिकार असलेल्या माणसाने फाशीच्या जागी क्रूस उभारावा, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटली. त्या क्रूसावर चार बाजूंना लॅटिनमध्ये चार लहान वाक्ये आहेत : अंधारानंतर प्रकाश, प्रकाशात आशा, मरणात शांती, मरणानंतर तारण. खलाशाचा उल्लेख नाही, खुन्यांचाही नाही. कोणासाठी शांती, कोणासाठी तारण, हे न्यायमूर्तींनी लिहिले नाही. ते लिहायचे त्यांनी विसरले असतील असे वाटत नाही.

खलाशाच्या दगडावरचा शाप लेकीने वाचून दाखवला तेव्हा नातवाने विचारले, ‘‘आजोबा, आपल्या वाडीतला दगड ज्यांनी सरकवला त्यांनापण हा शाप लागतो का?’’

आम्ही सर्व स्तब्ध झालो.

थोडे खुलासेवार सांगितले पाहिजे. आमच्या वडिलार्जित वाडीत, आमच्या आणि चुलत्यांच्या हिश्शांमध्ये मेरेचा एक दगड आहे. १९८३ साली पावसाळ्यानंतर तो दोन हात आमच्या बाजूला आलेला दिसला, असे आमच्या वडिलांचे म्हणणे. तो पहिल्यापासून तेथेच आहे, असे चुलत्यांचे. शब्दाने शब्द वाढला. तेव्हापासून दोन घरांचा उंबरठा बंद. लग्नाची आमंत्रणे नाहीत, आजारपणात विचारपूस नाही. वडील गेले, चुलतेही गेले. अनुवादाच्या सत्ताविसाव्या अध्यायात शेजाऱ्याच्या जमिनीची मेर सरकवणाऱ्याला शाप सांगितला आहे, हे आमचे वडील जवळजवळ दर रविवारी ऐकवत. त्यांच्या मागे आम्ही ऐकवू लागलो. सरकारी मोजणी मागवली असती तर वाद निकालात निघाला असता. ती दोन्ही घरांनी मागवली नाही. का मागवली नाही, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. त्या टेकडीवर तो करावा लागला. मोजणीत दगड योग्य जागी निघाला असता, तर आमच्याकडे राखायला काय उरले असते?

आणि हा मुलगा! त्याचा जन्म इंग्लंडचा. वाडी त्याने दोनदा पाहिली असेल. त्या चुलत घरातील एकाचाही चेहरा त्याने पाहिलेला नाही. मराठी त्याला बेताचीच येते. परंतु ही एक गोष्ट त्याच्यापर्यंत समुद्र ओलांडून, एक अक्षर न गळता पोहोचली होती. आम्ही त्याला आमच्या आजीची गाणी शिकवली नाहीत. हे मात्र शिकवले.

प्रेत टांगणे म्हणजे काय, ते आम्हांला तेव्हा कळले. मेलेल्या गोष्टीला मूठमाती मिळू नये अशी व्यवस्था करणे, येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवत राहणे, आणि यालाच न्याय म्हणणे.

येथवर आल्यावर कोणीही सहज म्हणेल, मग विसरून जा. असे सांगणारे आम्हांला आजवर पुष्कळ भेटले. ‘जाऊ द्या’ हा शब्द आपल्या समाजात क्षमेचा पर्याय म्हणून वापरला जातो. आम्हांला हे मान्य नाही, आणि खाली माळावर जे पाहिले त्यानंतर तर मुळीच नाही. सोडून दिलेली जमीन मोकळी राहत नाही. तिच्यात रान माजते. ‘जाऊ द्या’ म्हणून सोडलेली गोष्ट तशीच वाढते. दोन माणसे एकमेकांना दिसेनाशी होतात आणि मध्ये काय वाढले आहे हेही त्यांना सांगता येत नाही. थर्सलीच्या लोकांनी त्या खलाशाला ‘जाऊ दिले’ असते तर आज त्याला कोणी उदार म्हटले नसते. अन्याय झाला हे सांगणारा दगड हवाच. प्रश्न आहे तो त्या दगडावर काय कोरायचे याचा, आणि त्याच्या शेजारी खांब उभा ठेवायचा की नाही याचा.

आमच्यापैकी एकाचे मत असे पडले की आधी मोजणी व्हावी, दगड त्याच्या खऱ्या जागी जावा, मग बोलणे. सत्याशिवाय समेट म्हणजे गाळावर घातलेली माती. दुसऱ्याचे म्हणणे असे की खांब आधी उतरवल्याशिवाय मोजणी करणारा माणूसही कोणाच्या तरी बाजूचाच वाटेल. माथ्यावर क्रूसाशेजारी बसून, डबा खाता खाता, आम्ही बराच वेळ वाद घातला. हवा स्वच्छ असल्यास तेथून लंडनच्या उंच इमारती दिसतात म्हणे. आम्ही पाहायचे विसरलो.

माथ्यावरून उतरताना गवताने झाकलेली एक रुंद, सपाट पट्टी आडवी येते. पाहणाऱ्याला वाटावे, येथे असाच गवताचा पट्टा असावा. हा पोर्ट्‌स्मथचा हमरस्ता होता. घोडागाडीचा जुना मार्ग सुटल्यानंतर तो दरीच्या कडेने काढला गेला आणि मोटारींच्या काळात तेथे रात्रंदिवस वाहनांची रांग लागे. जुलै २०११ मध्ये टेकडीच्या पोटातून सुमारे १.८ किलोमीटर लांबीचा बोगदा खुला झाला. रहदारी जमिनीखाली गेली. वरचे डांबर उखडून, माती पसरून, जागा पुन्हा हेदरच्या स्वाधीन करण्यात आली. म्हणजे याच लोकांनी एकीकडे रान हटवून माळ राखला आणि दुसरीकडे हमरस्ता रानाला देऊन टाकला. काय राखावे आणि काय रानाला द्यावे, याचा त्यांनी विचार केला, वाद घातले, पैसा खर्च केला. तो आपोआप सुचला नाही. आमच्या पायांखाली, खोल कोठेतरी, त्या क्षणीही गाड्या धावत असतील. आम्हांला पाखरांखेरीज काही ऐकू आले नाही.

तेथून खाली रान. ओक, बीच, हॉली. शेवाळलेले बुंधे, ओली पाने आणि तळाशी एक लहानसा ओढा, तीच दरी खोदणारा. माळाची बाजू घेऊन इतके लिहिल्यावर हे सांगितले पाहिजे की रानही सुंदर होते. तेथे कोणी करवत घेऊन उभे नव्हते, कारण ते आपल्या जागी होते. उतारावर लांब केसांची हायलँड गुरे चरत होती. ती स्वयंसेवकांचेच काम करतात, फक्त त्यांना ते ठाऊक नसते. नातू त्यांच्या शिंगांकडे पाहत आमच्या हाताला घट्ट धरून चालला. दगडाविषयी त्याने पुन्हा काही विचारले नाही. आम्ही आपण होऊनही काही सांगितले नाही, कारण काय सांगावे हे ठरले नव्हते.

दरीतून वर येणारा चढ दमवणारा होता. वर पोहोचलो तर समोर सकाळचाच माळ, पण आता पलीकडच्या बाजूने दिसणारा. बर्चचा ढीग वाढला होता. आजीबाई आणि त्यांची मंडळी निघून गेली होती. त्यांनी साफ केलेला तुकडा एवढ्या मोठ्या माळात हातरुमालाएवढा वाटत होता. पुढच्या वर्षी तेथे पुन्हा रोपे उगवतील.

आम्ही १ नोव्हेंबरला परत आलो. दुसऱ्या दिवशी, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत गेलो. आजोबांची कबर दोन्ही घरांची सामाईक आहे. गेली अनेक वर्षे असा शिरस्ता आहे की आम्ही सकाळी जायचे आणि आमच्या बाजूचे गवत काढायचे. ते संध्याकाळी येऊन त्यांच्या बाजूचे काढतात. हे कोणी ठरवले नव्हते. दिवसभर त्या कबरेवर मधोमध गवताची सरळ रेघ दिसत असे, आणि सारा गाव ती पाहत असे. यंदा प्रवासाच्या शिणाने सकाळी आम्हांला जाग आली नाही. गेलो तेव्हा ऊन कलले होते आणि चुलतभाऊ कबरेशी उकिडवा बसून खुरप्याने गवत काढत होता. तोही आता सत्तरीला आला आहे. आम्हांला पाहून त्याचा हात थांबला.

‘‘कधी आलात?’’ त्याने विचारले.

‘‘काल.’’

‘‘पाऊस लांबला यंदा. गवत फार झालंय.’’

तो थोडा बाजूला सरकला. आम्ही खुरपे आणले होते. त्याच्या शेजारी बसलो आणि काढू लागलो. मेरेच्या दगडाचा विषय कोणी काढला नाही.